मैनेचं बोट

त्या सकाळी धुकं ओढ्यावरून उठून गावात आलं होतं आणि परत जायचं नाव घेत नव्हतं. पावसाळा सरला होता, पण जमिनीच्या अंगातली ओल सरली नव्हती. गवताच्या पात्यापात्यावर दव होतं, कौलांवरून थेंब ठिबकत होते, आणि वर कुठेतरी ऊन असावं असा नुसता पिवळट भास होत होता. ओढ्यापलीकडे भात पिकून उभं होतं. ते दिसत नव्हतं, त्याचा वास मात्र येत होता.

एकदा एक माणूस होता, असं म्हणून गोष्ट सांगायची रीत आहे. तर त्या धुक्यातून शाळेकडे चाललेला तो एक म्हातारा माणूस होता, आणि त्याच्याविषयी आधी एवढंच सांगायला हवं की वयाची सत्तर वर्षं होईपर्यंत त्याने शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याचं नाव भिवा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण गाव त्याला मान देत असे, कारण गावचा साकव तो बांधायचा.

साकव म्हणजे ओढ्यावरचा माणसापुरता पूल. गावाची घरं ओढ्याच्या एका काठाला आणि भाताची खाचरं दुसऱ्या काठाला. पावसाळ्यात ओढा कुणाला जुमानत नाही. तेव्हा लोक वरच्या अंगाच्या पक्क्या पुलावरून दोन कोसांचा वळसा घालून जातात. पाणी कमरेइतकं उतरलं की कापणीच्या आधी घरटी एक बांबू गोळा व्हायचा, नारळ फुटायचा आणि भिवाच्या सांगण्याप्रमाणे सारं गाव मिळून साकव उभा करायचं. वैशाखाच्या शेवटी तो पुन्हा सोडायचा. चांगले बांबू मांडवावर चढवायचे, सुंभाच्या दोऱ्या गुंडाळून ठेवायच्या. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. त्याआधी भिवाचा बाप बांधायचा.

आता असा माणूस त्या दिवशी शाळेत का निघाला होता, ते सांगतो.

त्या शाळेत केतकीबाई नावाची एक तरुण शिक्षिका होती. पहिली आणि दुसरी मिळून एकवीस मुलं तिच्याकडे. तिने दर शनिवारी एक तास असा ठेवला होता की त्यात पुस्तक उघडायचं नाही. मुलांनी हाताने काहीतरी करायचं, मोडायचं, पुन्हा करायचं, आणि असं का झालं ते आपणच शोधायचं. मुलं त्याला हातांचा तास म्हणत. शाळेचे मुख्य गुरुजी मनाने चांगले होते, पण त्यांना काळजी लागली होती. "बाई, पोरांना सातचा पाढा येत नाही आणि तुम्ही त्यांना चिखल कालवायला बसवता," असं ते म्हणायचे. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार आहेत. त्यांना हा तास पटला तर राहील, नाही पटला तर तो पाढ्यांना जाईल.

बाई त्याच दिवशी भिवाच्या अंगणात आली. "आजोबा, आमच्या पोरांना साकव शिकवाल?"

भिवा म्हणाला, "मला अक्षर येत नाही, बाई."

"पोरांनाही फारसं येत नाही," बाई म्हणाली.

भिवाला हे उत्तर आवडलं. तो आला.

पहिल्या शनिवारी त्याने शाळेच्या मैदानात दोन हात रुंद चर खणला, त्यात पाणी सोडलं. बाजूला बांबूच्या कामट्यांचा ढीग टाकला आणि सुतळीचा गुंडा ठेवला. मग पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी तांब्या मुलांना दाखवला. "हा तांब्या पुलाच्या मधोमध उभा राहिला आणि थेंबही सांडला नाही, तर तो पूल." एवढं बोलून तो जांभळीखाली जाऊन बसला.

मुलं वाट बघत राहिली. आजोबा आणखी काही सांगतील असं त्यांना वाटलं. आजोबांनी चंची सोडली आणि सुपारी कातरायला घेतली.

त्या दिवशी पूल नऊ वेळा पडला. दत्तू नावाचा एक धिटुकला मुलगा धावत आला. "आजोबा, पूल पडला."

"बघितलं मी."

"मग आता?"

"का पडला, ते त्यालाच विचार."

दत्तूने खरोखरच चराशी आडवं होऊन मोडक्या कामट्यांना कान लावला. "काहीच बोलत नाही."

"हळू बोलतो तो. अजून एकदा पाडून बघा."

बाईला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत. पण दुसऱ्या शनिवारपर्यंत मुलांना पूल काय बोलतो ते थोडं थोडं कळू लागलं. कामटीची गुळगुळीत पाठ खालच्या अंगाला ठेवली तर ती लवते पण मोडत नाही. सुतळी भिजवून बांधली तर वाळल्यावर गाठ आवळून बसते. पाय चिखलात नुसते रोवले तर निसटतात, बुडाशी दगड रचले तर निसटत नाहीत. यातलं एकही भिवाने सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर मात्र तो आपल्या ओट्यावर बसून एकटाच हसायचा.

शेजारचा गुणाजी त्याला कुंपणावरून विचारायचा, "काय रे भिवा, आज कितवीत बसलास?"

"दुसरीत."

"नापास होऊ नको म्हणजे झालं. या वयात पोरांच्यात खेळतोस, लोक काय म्हणतील?"

"लोक साकवावरून चालताना काही म्हणतात का?"

"मी म्हणतो ना. तुझा साकव म्हणजे पाळणा. चाळीस वर्षं मी दोन्ही हातांनी कठडा धरून, देवाचं नाव घेत जातो."

गुणाजीचं म्हणणं खोटं नव्हतं. साकव हलायचाच. भिवाच्या बापाचाही हलायचा. साकव म्हटल्यावर हलणारच, असं गावाने धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या शनिवारी मुलांचा पूल उभा राहिला. चार पाय, दोन लांब कामट्या, वर आडव्या पट्ट्या. पण तांब्या ठेवला की पूल डावीउजवीकडे डुलायचा आणि पाणी सांडायचं. मुलांनी पाय जाड केले, पुन्हा सांडलं. दगड वाढवले, पुन्हा सांडलं. मुलं कंटाळून बसली.

त्यांच्यात मैना नावाची दुसरीतली एक मुलगी होती. वर्गात ती मागे बसायची. फळ्यावरची अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर जागेवर थांबत नसत. वाचायला उभं केलं की ती आपल्या अंगठ्याकडे बघत राहायची आणि दत्तू मागून "गाडी अडकली" म्हणायचा. त्या दिवशी ती चराच्या काठावर बसली होती. तिने पुलाच्या एका पायाला वरच्या बाजूला नुसतं बोट टेकवलं.

"आता ठेव तांब्या," ती म्हणाली.

दत्तूने ठेवला. पूल हलला नाही.

"बोट काढ बरं."

तिने काढलं. पाणी सांडलं. पुन्हा लावलं, पुन्हा भरलेला तांब्या ठेवला. थेंब सांडला नाही.

"मग तू अशीच बसून राहा," दत्तू म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. मैना बोट लावून बसली. बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मला शूला जायचंय."

"जा की."

"मग पूल हलेल."

"हं," भिवा म्हणाला.

मैना पाय आवळून विचार करू लागली. मग तिने दुसऱ्या हाताने एक कामटी ओढून घेतली. एका पायाच्या बुडापासून दुसऱ्या पायाच्या डोक्यापर्यंत, जिथे तिचं बोट होतं तिथवर, ती तिरकी लावली. दोन्ही टोकांना चिंचोक्याएवढ्या गाठी मारल्या आणि ती पळाली.

आता या वेळी एक गोष्ट घडली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. भिवाचा हात पुढे गेला होता. त्याच्या बापाने त्याला लहानपणी बजावलं होतं: ओढ्यात तिरकी काठी घालू नये. चाळीस वर्षांत भिवाने एकदाही घातली नव्हती. ती कामटी काढून टाकायला त्याचा हात आपसूक निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि थांबलेल्या हाताचं काय करावं ते न कळून त्याने कान खाजवला.

मैना परत आली तेव्हा तांब्या जागेवर होता. पूल ओबडधोबड होता, एका बाजूला कललेला होता, गाठींची टोकं उंदराच्या शेपटासारखी लोंबत होती. पण पाणी काठोकाठ होतं. दत्तूने त्या तिरक्या कामटीला नाव ठेवलं, मैनेचं बोट. नंतरचा सबंध आठवडा भिवाच्या डोक्यात ती कामटीच होती.

आणि मग तो धुक्याचा शनिवार उजाडला. त्या दिवशी साहेब येणार होते.

भिवा सगळ्यांच्या आधी शाळेत पोचला. चरापाशी येऊन बघतो तर पूल ओळखू येईना. सगळ्या पट्ट्या एकसारख्या कापलेल्या, पाय ओळंब्यात, दोन्ही बाजूंना रंगीत कागदाच्या पताका. पुढे एका पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात काहीतरी लिहिलेलं. चित्रात असावा तसा पूल. भिवाने वाकून गाठींना हात लावला. गाठी बारीक, आवळलेल्या, टोकं कापलेली. त्या सात वर्षांच्या बोटांच्या नव्हत्या. मग त्याने पुलाखाली पाहिलं. मैनेचं बोट नव्हतं. ते केराच्या टोपलीत, कागदाच्या कपट्यांखाली पडलं होतं.

भिवाने पुलाला हलकेच धक्का दिला. पूल डुलला.

तो थोडा वेळ तसाच उकिडवा बसला. काल शाळा सुटल्यावर इथे कोण बसलं असेल, कशासाठी बसलं असेल, हे त्याला न सांगता कळलं. त्याला राग आला नाही. त्याने लिहिलेला पुठ्ठा उचलून भिंतीवर नीट ठेवला, वारा लागू नये म्हणून वर दगड ठेवला. मग त्याने पहिली गाठ सोडली. मग दुसरी. एकही सुतळी न तोडता त्याने सगळा पूल सोडला, कामट्यांचा ढीग केला, सुतळीचा गुंडा केला. टोपलीतली ती कामटीही पुसून ढिगावर ठेवली. हे होईपर्यंत धुकं ओढ्याकडे परत निघालं होतं आणि मुलं फाटकातून आत येत होती.

"आजोबा, आमचा पूल?"

"हा काय, ढिगात आहे."

मुलांच्या मागून बाई आली. तिने चर पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "आजोबा, हे कुणी केलं?"

"मी."

"अहो, साहेब अकराला येणार आहेत. आज काय आहे ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं म्हणूनच लवकर आलो."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भिवाने एक बारीक सुतळीचा तुकडा तिच्यापुढे धरला. त्यावर तिच्या गाठीचा पीळ अजून होता. तिने तो ओळखला आणि मान खाली घातली.

"मी फक्त सरळ केला, आजोबा. साहेबांना वाकडा दिसला असता म्हणून."

"सरळ झाला होता, बाई. तांब्या ठेवून बघितला होता का?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. एवढ्यात दत्तू ओरडला, "अरे, भिजवा सुतळी, कोरडी कसली बांधता," आणि एकवीस मुलं चरावर तुटून पडली.

साहेब अकराला नाही, सव्वादहालाच आले. तोवर पुलाचे दोन पाय उभे होते आणि तिसऱ्यावरून भांडण चाललं होतं. मुख्य गुरुजी साहेबांच्या मागे उभे राहून रुमालाने मान पुसत होते. बाई पुढे होऊन काही सांगणार, तोच भिवाने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. ती थांबली.

"पूल कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"यायचाय अजून," दत्तू मान वर न करता म्हणाला. "तुम्ही लवकर आलात."

साहेबांनी चष्मा पुसला आणि ते चराच्या काठावर दगडावर बसले. बसले ते पाऊण तास बसले. एक कामटी मोडली ती त्यांनी पाहिली. दोन मुलींचं पटेना, तेव्हा त्या दोघींनी दोन्ही तऱ्हांनी बांधून तांब्या ठेवून पाहिला, तेही पाहिलं. शेवटी पूल उभा राहिला. मागच्या शनिवारपेक्षा तो बुटका होता आणि त्याला या वेळी एकाऐवजी दोन तिरक्या कामट्या होत्या, एक इकडून, एक तिकडून.

"या काठ्या वाकड्या का लावल्यात?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी मैनेकडे पाहिलं. ती आपल्या अंगठ्याकडे बघू लागली. बाईच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मैनेने हळूहळू मान वर केली.

"वाकड्या नाहीत. तिरक्या आहेत. ते माझं बोट आहे."

"बोट?"

"मी इथून बोट लावलं की पूल हलत नाही. पण मला सारखं बसता येत नाही ना. म्हणून माझ्याऐवजी ही." ती थोडी थांबली. "आधी एकच होतं. पण पूल इकडून पण पडू शकतो आणि तिकडून पण. म्हणून आज दोन हातांची दोन."

साहेबांनी स्वतः तांब्या भरून पुलावर ठेवला. थेंब सांडला नाही. मग ते म्हणाले, "मी एक काढून बघू?"

"काढा. पण पाय मागे घ्या," मैना म्हणाली.

साहेबांनी एक काढली, पूल थरथरला. दुसरी काढली, तेव्हा तांब्या कलंडून त्यांचा बूट भिजला. मुलं हसायची ती आधी गुरुजींकडे बघून थांबली, पण साहेबच हसले, तेव्हा मैदान भरून हसली. साहेबांनी दोन्ही कामट्या मैनेच्या हातात दिल्या आणि ती त्या परत बांधते आहे ते बघत उभे राहिले. जाताना ते गुरुजींना म्हणाले, "हा तास राहू द्या. आणि याला एक तास पुरत नाही, जरा वाढवा."

गुरुजींनी मान डोलावली आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने बोटाने पूल हलवून पाहिला.

मुलं घरी गेली. बाई चरापाशी आली आणि जांभळीखाली भिवासमोर बसली, विद्यार्थिनी बसावी तशी. "आजोबा, मला नीट सांगा. तुम्ही पूल सोडलात, पण पोरांचा नवा मोडला असता, तर? पोरांना आज जमलं नसतं, तर तास गेला असता."

भिवा म्हणाला, "गेला असता. पण मी तीन शनिवार त्यांचे हात बघितले होते. बाई, गाव दर वर्षी साकव सोडतं. मी बापाला विचारायचो, कशाला सोडायचा, राहू दे की. तो म्हणायचा, बांबू कुजला तर दुसरा मिळेल, बांधणारे हात कुजले तर कुठून आणशील? काल तुम्ही पूल नीट केलात. मन चांगलं होतं तुमचं. पण तुमच्या हातून तो पूल तुमचा झाला. पोरं आज त्याच्या बाजूला हात बांधून उभी राहिली असती, आणि ती मैना पुन्हा अंगठ्याकडे बघत बसली असती."

बाईने जवळ पडलेली एक कामटी उचलून तिची पाठ चाचपली.

"आणि वाईट वाटून घेऊ नको, पोरी. तिनं ती तिरकी कामटी लावली ना, तेव्हा माझाही हात गेला होता काढायला. ज्याला येतं त्याचा हात जातोच पुढं. तो मागं ठेवायचा, ही विद्या फार अवघड. मला सत्तराव्या वर्षी कळली. तू माझ्या किती पुढे आहेस बघ."

बाई उठली. भिंतीवरचा दगड बाजूला करून तिने पुठ्ठा उचलला. भिवाने विचारलं, "काय लिहिलंय त्यावर? मला वाचता येत नाही, म्हणून जपून ठेवला."

बाईने वाचलं. "हा पूल पहिली-दुसरीच्या मुलांनी बांधला आहे." मग ती म्हणाली, "काल मी खोटं लिहिलं होतं, आजोबा."

"मग आता लावा की. आज खरं झालं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साकव बांधायचा होता. सारं गाव ओढ्यावर जमलं. बाई मुलांना घेऊन आली आणि त्यांना काठावरच्या कातळावर ओळीने बसवलं. नारळ फुटला, मेढी, म्हणजे साकवाचे उभे पाय, रोवल्या, बुडाशी दगड रचले. आडवे बांबू बांधून झाले, तेव्हा भिवा म्हणाला, "आता दर दोन मेढींच्या मधे तिरके बांबू. इकडून एक, तिकडून एक."

पाण्यात उभे असलेले लोक थांबले. गुणाजी काठावरून म्हणाला, "भिवा, म्हातारचळ लागला का रे? ओढ्यात तिरकी काठी? तुझा बाप काय सांगून गेला?"

"तिरकी काठी घालू नको, म्हणून सांगून गेला."

"मग?"

"का घालू नको, ते सांगितलं होतं का, आठव."

गुणाजीला आठवेना. कुणालाच आठवेना. तेव्हा भिवा पाण्यात उभ्या उभ्याच सांगू लागला. "मी आठवडाभर हेच आठवतोय. बापाच्या वेळी वरच्या अंगाचा पक्का पूल नव्हता. वैशाखात साकव सोडून लगेच नवा बांधायचा आणि तो पावसाळ्यातही उभा ठेवावा लागायचा. पुरात फांद्या यायच्या, पाला यायचा, तो तिरक्या काठीत अडकला की सगळा साकव घेऊन जायचा. बाप बरोबर होता. पण आता आपण पूर ओसरल्यावर बांधतो. पूर गेला, तरी चाळीस वर्षं मी तिरकी काठी घातली नाही. उत्तर तेवढं पाठ केलं होतं मी, प्रश्न कधी विचारला नाही."

"आणि तुला हे आता कुणी शिकवलं?"

भिवाने कातळाकडे हात केला. "ती बघ. दुसरीत आहे."

गुणाजीने पाहिलं. मैनेचे पुढचे दोन दात पडलेले होते. "म्हणजे तुझ्या गुरूचे अजून दुधाचे दात आहेत," तो म्हणाला, आणि लोक हसले. पण हसता हसता दोघांनी एक बांबू उचलून तिरका धरला, तिसऱ्याने सुंभ आवळला. चौथ्याने मेढ हलवून पाहिली आणि तो हसायचा थांबला. मग काम भराभर चालू झालं. बांबूंना काहीतरी नाव हवं होतं. दत्तू कातळावरून ओरडून सांगत होताच. थोड्या वेळात पाण्यातले बाप्ये एकमेकांना हाका मारू लागले, "पहिलं बोट झालं, दुसरं बोट आणा. ए, ते लांब बोट इकडे दे."

मैना कातळावर बसून ते ऐकत होती. तिने आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि मग ते मुठीत जपून ठेवलं. बाईने ते पाहिलं आणि ओढ्याकडे तोंड फिरवलं.

ज्याला शिकवायचं आहे त्याने आधी आपले हात पाठीमागे बांधावेत, हे पुस्तकात लिहिलेलं असेल तर असो. त्या गावाने ते ओढ्यात उभं राहून वाचलं.

दुपार कलली तेव्हा साकव तयार झाला. पहिलं पाऊल वयाने मोठ्या माणसाने टाकायचं, ही रीत. भिवाने आपल्याहून थोरल्या गुणाजीला पुढे केलं. गुणाजीने सवयीने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि देवाचं नाव घेतलं. चार पावलं गेला. थांबला. मुद्दाम अंगाला झोका दिला. साकव हलला नाही. त्याने एक हात सोडला. मग दुसरा सोडला. मधोमध जाऊन त्याने पाय आपटून पाहिला, आणि काठावरची सगळी मुलं श्वास रोखून मैनेकडे बघू लागली.

गुणाजी पलीकडे पिकलेल्या भाताच्या कडेला पोचला, वळला, आणि तिथून भिवाला म्हणाला, "तुझ्या त्या दुधाच्या दातांच्या गुरूला सांग, परत येताना डोक्यावर भाताचा भारा घेऊन येतोय, आणि कठडा धरणार नाही."